अर्धा नियम

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. ऑपरेशननंतर तुझा आवाज परत येणार नाही असं बाबांकडून कळलं, म्हणून फोन केला नाही. मेसेज केले तर तुझं एकच उत्तर आलं, की सविस्तर विचारायचं असेल तर कागदावर विचार. म्हणून हा कागद.

मी काही महिन्यांपासून शेअरबाजारात रोजचे व्यवहार करतोय. सकाळी घ्यायचं आणि बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर दोन स्क्रीन मांडलेत. पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, चार्टवर इतक्या रंगांच्या रेघा ओढल्या की सतरंजी दिसायला लागली. पण मी घेतला की भाव पडतो. मी वैतागून विकला की तोच भाव वर जातो. जणू कुणी माझ्या खुर्चीखाली बसून वाट बघतंय.

तू तीस वर्षं ब्रोकरच्या डीलिंग रूममध्ये काढलीस. मला फक्त एवढंच सांग, की बटण नेमकं केव्हा दाबायचं? बाकीचं मी बघून घेईन.

नोकरी चालू आहे, काळजी नको. आणि बाबांना यातलं काही कळवू नकोस. त्यांच्या लेखी हा सगळा सट्टाच, तुला माहीत आहे.

तुझा,
घाई

१२ फेब्रुवारी

चि. घाई,

ताट वाढून व्हायच्या आत जेवून उठायचास, तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं. तुझं पत्र वाचून ते बदलायची गरज वाटली नाही.

आवाजाचं वाईट वाटून घेऊ नकोस. तीस वर्षं टेलिफोनवर भाव ओरडले, साठा संपला एवढंच.

तू विचारतोस, बटण केव्हा दाबू. तो प्रश्न सगळ्यात शेवटचा. आमच्याकडे एक शिंपी गिऱ्हाईक होता. चार्टवर ठरावीक जागा आली की तो घ्यायचा. दोन महिने कमावलं, तिसऱ्या महिन्यात सगळं परत केलं. मला म्हणाला, बाई, कात्री तीच, हात तोच, मग कोट बसत का नाही? मी म्हटलं, समोरचं माणूस बदललं, तुम्ही माप कुठे घेतलंत?

तर माप असं घ्यायचं. काल बाजार कुठून कुठवर फिरला आणि आज कुठे उघडला, हे आधी बघ. कालच्या उच्चांक-नीचांकाच्या आतच उघडला असेल तर कालचंच भांडण पुढे चालू आहे, कुणाला घाई नाही. बाहेर उघडला असेल तर मधल्या वेळात कुणाचं तरी मत बदललंय. मग पहिला तास हात मांडीखाली ठेवून बस. भाव एका दिशेला चालत सुटलाय, की चष्मा हरवलेल्या माणसासारखा खोलीभर फिरतोय? तुझा शेअर बँकेचा असेल तर बाकीच्या बँका काय करताहेत? तो एकटाच पळत असेल तर एकटाच परत येईल. आणि दुपारी व्याजदराची घोषणा असेल, तर तिच्या आधी दिसेल ते खोटं धर.

एवढं झालं की मग तुझं बटण. भाव कालचा उच्चांक ओलांडून वर जातो, पुन्हा त्याच उंचीवर येऊन टेकतो आणि खाली न घसरता उभा राहतो. तिथे घ्यायचं. घसरलाच तर छोटा तोटा सोसून लगेच बाहेर. पण हे फक्त एका दिशेला चालणाऱ्या दिवशी. भटक्या दिवशी हुबेहूब हेच चित्र दिसतं आणि तो सापळा असतो. म्हणून आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस उत्तर एकच असतं, आज नाही.

दादाला कळवणार नाही. तसंही तो मला कधी काही विचारत नाही.

आत्या

३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी स्क्रीनच्या मध्ये चिकटवलंय. तीनदा तू लिहिलंस तस्सं झालं. भाव वर गेला, परत येऊन टेकला, उभा राहिला. घेतला, आणि दुपारी शांतपणे विकला.

पण ते थांबणं फार जीवघेणं आहे गं. गेल्या आठवड्यात सलग पाच दिवस बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंत नुसता बसून होतो. भिंतीवरची पालसुद्धा माझ्यापेक्षा जास्त व्यवहार करत होती.

रविवारी काही मित्र येतात. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं. अजून लिही ना. उदाहरणं दे. ते शिंप्यासारखे किस्से तर हवेतच.

तुझा,
घाई

१० मार्च

चि. घाई,

सोबत सहा पानं आहेत. तुझ्या मित्रांनाही वाच. खरं सांगू, एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांना माझा आवाज हवा होता, आणि दादाला माझी नोकरी झाकायला हवी होती. लोकांना तो सांगायचा, धाकटी बँकेत आहे.

आता माझा एक प्रश्न. सलग पाच दिवस घरात बसू देणारं ऑफिस कुठलं? नोकरी सोडली असशील तर सरळ सांग. रागावणार नाही, पण एक लक्षात ठेव. ज्याला महिन्याचं वाणसामान रोज बाजारातूनच काढायचं असतं, त्याला 'आज नाही' म्हणणं परवडत नाही. त्याला प्रत्येक दिवस चांगलाच दिसायला लागतो.

वहिनी गेल्यापासून दादा कसा आहे, तेही लिही. जेवतो का नीट?

आत्या

१९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पाच महिने लिहिलं नाही, चुकलंच. पण बातमी ऐकलीस तर रागावणार नाहीस.

तू ओळखलंस ते खरं होतं. नोकरी जानेवारीतच सोडली होती. तू म्हणतेस तसं थांबून थांबून महिन्याला जे हाती पडायचं, त्यात वीजबिलसुद्धा निघेना. पण रविवारच्या मित्रांनी मित्र आणले, त्यांनी आणखी आणले, आणि आता मी वर्ग चालवतो. टायरच्या दुकानावरचा हॉल घेतलाय. दर रविवारी खुर्च्या कमी पडतात. बाहेर मोठा फलक आहे, 'एकच नियम, एकच प्रवेश'. खाली लिहिलंय, तीस वर्षांचा डीलिंग रूमचा अनुभव. तो तुझा. बाबांनाही सगळं सांगून टाकलंय. ते कौतुकाने येऊन मागच्या रांगेत बसतात. मी तुझंही नाव घेतो.

सुरुवातीला मी तू लिहिलेलं सगळं शिकवायचो. दिवस कसा ओळखायचा, केव्हा हात लावायचा नाही. लोक जांभया द्यायचे. मधल्या सुट्टीत निम्मे पसार. मग लक्षात आलं की लोक बटणाचे पैसे देतात, थांबण्याचे नाही. आता तेवढंच ठेवलंय. उच्चांक ओलांडला, परत टेकला, घ्या. तोट्याचा विषयही काढत नाही, माणसं घाबरतात. मी स्वतः आता व्यवहार करत नाही. त्याची गरजच उरली नाही.

सोबत एक चेक आहे. तुझा हिस्सा. नाही म्हणू नकोस.

तुझा,
घाई

२५ ऑगस्ट

घाई,

चेक परत पाठवते आहे.

तुझं वय बत्तीस. तीस वर्षांचा अनुभव लिहिताना तुला रंगाऱ्यानेसुद्धा हटकलं नाही?

मी तुला एक वाक्य दिलं होतं. त्यात अट होती, 'फक्त एका दिशेला चालणाऱ्या दिवशी'. ती कापून उरलेलं तू विकतोयस. ते चूक असतं तर बरं झालं असतं, लोकांना पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. ते अर्धं खरं आहे. महिनाभर चालेल. तेवढ्यात माणसाचा विश्वास बसेल, विश्वास बसला की तो रक्कम वाढवेल, आणि मग भटके दिवस लागतील. आमच्या शिंप्याचा किस्सा तू हसवायला सांगत असशील. त्याचं पुढे काय झालं ते मी तुला लिहिलं नव्हतं. त्याने दुकान विकलं आणि दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसला.

एक तर सगळं शिकव, नाहीतर हॉल सोड. आणि माझं नाव घेऊ नकोस.

आत्या

७ ऑक्टोबर

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून तुला आश्चर्य वाटेल. किती वर्षांनी लिहितो आहे, ते मोजायला नको.

तुझ्या भाच्याच्या वर्गाला मी नियमित जातो. त्याला वाटतं, घरात एकट्याला करमत नाही म्हणून येतात. तेही खरं आहे. पण तिथे तो तुझ्याबद्दल जे सांगतो ते ऐकून मला माझी लाज वाटली. तू बँकेत आहेस असं मी लोकांना सांगत आलो. परवा शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना मी म्हटलं, ज्यांच्याविषयी सर सांगताहेत ती माझी धाकटी बहीण. त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

आता खरं काम. दोन महिन्यांपासून मीही त्याच्या नियमाने व्यवहार करतो. त्याला माहीत नाही. पहिल्या महिन्यात बरं चाललं, म्हणून मी रक्कम वाढवली. आता मात्र काही बिनसलंय. उच्चांक ओलांडतो, परत येऊन टेकतो, मी घेतो, आणि भाव पडतो. मी पट्टी लावून रेघा तपासल्या, चूक सापडत नाही. मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. नियम म्हटला की तो सोमवारीही खरा आणि गुरुवारीही खरा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज वार बघून बदलत नाही. म्हणजे चूक माझ्या हाताची असणार.

मी काय चुकतो आहे, ते तू सांगू शकशील. त्याला विचारत नाही. बापाला आपल्या शिकवण्यावर भरवसा नाही असं त्याला वाटेल. तूही बोलू नकोस.

तुझा,
दादा

११ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

तुझं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच सरळ आहे. पत्र चार वेळा वाचलं.

तुझ्या हाताची काही चूक नाही. सध्याचे दिवस वाईट आहेत. बाजार कुठल्याच दिशेला जात नाही, नुसता भटकतोय, आणि अशा दिवसांत त्या नियमाचा उपयोग होत नाही. दिवस बदलेपर्यंत अजिबात हात लावू नकोस. मी कळकळीने सांगते आहे.

तब्येतीला जप. जमलं तर एकदा इकडे ये. मला बोलता येत नाही, पण मी चांगली ऐकते.

तुझी,
छोटी

२ डिसेंबर

आत्या,

बाबांचं सगळं गेलं. निवृत्तीचे पैसे, आईच्या आजारपणातून उरलेले, सगळे. वर ब्रोकर देतो ती उसनवारी घेतली होती, ती आता फेडायची आहे.

त्या दिवशी व्याजदराची घोषणा होती. सकाळी भाव कालच्या उच्चांकावर गेला, परत येऊन टेकला, उभा राहिला. बाबांनी होतं नव्हतं ते लावलं. दुपारी घोषणा झाली आणि भाव दगडासारखा खाली आला. ते विकेनात. मी घरी आलो तर स्क्रीनवर पट्टी धरून बसले होते. म्हणाले, रेघ बरोबर आहे.

मग त्यांनी सांगितलं की तुला सगळं माहीत होतं. तू लिहिलं होतंस, दिवस बदलेपर्यंत थांब. ते थांबले. महिनाभर थांबले. त्या आधीचे तीन दिवस बाजार सरळ वर गेला, त्यांना वाटलं, दिवस बदलले. दिवस बदलला हे कशावरून ओळखायचं, घोषणेच्या दिवशी हात लावायचा नाही, तोटा झाला की बाहेर पडायचं, यातलं एक अक्षर तू त्यांना लिहिलं नाहीस. मला सहा पानं लिहिलीस. त्यांना सहा ओळी.

मी लोकांना अर्धं विकलं म्हणून मला नावं ठेवलीस. तू त्यांना अर्धंच दिलंस, तेही फुकट. आणि ते व्यवहार करताहेत हे मला एका ओळीने कळवलं असतंस, तर मी त्यांचा हात धरला असता. तू नाही कळवलंस. का, ते तुझं तुला माहीत.

पुढची खोली एका चष्म्याच्या दुकानदाराला गोदामासाठी दिली आहे. बाबा आता माझ्या खोलीत झोपतात. वर्ग बंद करू म्हणशील तर खायचं काय, तेही लिही.

घाई

९ डिसेंबर

घाई,

तू लिहिलंस त्यातलं काही खोटं नाही.

दादाला पुरतं लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं, की तुझ्या मुलाला उरलेलं अर्धं पाठ आहे आणि त्याने ते जाणूनबुजून वगळलं. दादाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल कुणाला तरी अभिमानाने सांगितलं होतं, तेही तुझ्यामुळे. ते मोडवेना. म्हणून मी त्याला गोळीचं नाव न सांगता पथ्य तेवढं सांगितलं. तुला कळवलं नाही, कारण त्याने बोलू नकोस म्हटलं होतं, आणि इतक्या वर्षांनी त्याने मला काहीतरी मागितलं होतं. ही सबब नाही. झालं ते असं झालं.

आताही त्याला तुझ्याबद्दल लिहिणार नाही. पैसे गेलेल्या माणसाला वरून मुलगाही कसा ते सांगायचं, एवढी मी मोठी नाही.

पण तू सांग. घरात सांगवत नसेल तर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर सांग. माझा आवाज असता तर मी येऊन सांगितलं असतं. तरीही येणार आहे. प्रश्न लिहून आणेन. उत्तर तुला येतं.

आत्या

२० जानेवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद. रविवारी तू आलीस आणि न जेवता गेलीस, म्हणून लिहितो आहे.

मी तिथे हॉलच्या दाराशी टेबलावर असतो, हे तुला माहीत नसावं. उसनवारी फिटेपर्यंत दुसरा माणूस ठेवण्यापेक्षा मीच पावत्या फाडतो. जिन्यात टायरच्या रबराचा वास येतो, त्याची आता सवय झाली. मी मान वर न करता शुल्क सांगितलं. नोटा ठेवणारा हात ओळखीचा वाटला म्हणून वर बघितलं. तेव्हाच पैसे परत करायला हवे होते. पण तुझ्यामागे माणसं उभी होती, आणि तुझ्या भाच्याने सांगून ठेवलंय, की फुकट कुणाला सोडायचं नाही, एकाला सोडलं की दहा नातेवाईक निघतात. मी पावती फाडली. नावाच्या जागी काय लिहावं सुचेना. 'एक बाई' असं लिहिलं.

शेवटी त्याने विचारलं, कुणाला काही शंका? तुझी चिठ्ठी रांगांमधून हातोहात पुढे गेली. त्याने ती माइकवर वाचली. ज्या दिवशी हा नियम फसतो, तो दिवस आधी ओळखायचा कसा? हॉलभर माना वर झाल्या. त्यातल्या बऱ्याच जणांचं गेल्या काही महिन्यांत माझ्यासारखंच झालं असावं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मी एवढी वर्षं मुलं शिकवली. उत्तर येत नसलेल्या मुलाचा चेहरा कसा दिसतो आणि उत्तर येत असून गप्प बसलेल्याचा कसा, ते मला कळतं. त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाला, "फार सुंदर प्रश्न. याचं उत्तर पुढच्या वर्गात आहे. तो वर्ग वेगळा, त्याचं शुल्क वेगळं. नावं दाराशी बाबांकडे द्या."

तू उठून उभी राहिलीस. तुझे ओठ हलताना मला दिसले. पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या आणि सगळे माझ्या टेबलाकडे निघाले होते. तू जाताना माझ्यापाशी थांबली होतीस असं मागाहून कुणीतरी म्हणालं. मी नावं लिहीत होतो. पावतीपुस्तक संपलं, मग साध्या वहीच्या कागदावर लिहिली.

घरी आल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितल्यावरही मला त्याच खोलीत झोपायचं आहे.

तो फार खुशीत होता. म्हणाला, मी कितीही सांगितलं असतं तरी एवढी नावं आली नसती, समोरच्यांतून कुणीतरी विचारलं म्हणून आली. आत्याला महिन्यातून एकदा येत जा म्हणावं, गाडीभाडं आपण देऊ, आणि तिच्याकडून शुल्क घेऊ नका.

मी म्हटलं, कळवतो.

पुढचा वर्ग फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे.

तुझा,
दादा